पाण्याच्या अलीकडे

गेसिना रूल्फिंकला उतारवयात ज्यांनी पाहिलं, त्यांना ती जरा विक्षिप्तच वाटायची. हेगमधल्या एका अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. जिना रोज पुसायची, भाडं वेळेवर द्यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तिला सल्ला विचारायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावरच्या बाईने एकदा सहज विचारलं, "रूल्फिंक बाई, छत्री घेऊ का हो बरोबर?" तर हिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमचं तुम्ही बघा," एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. मुलाला कुठल्या शाळेत घालावं, दुखरा दात काढावा की ठेवावा, असलं काही तिच्यासमोर निघालं की ती उठून चहा टाकायला जायची आणि पाहुणा निघेपर्यंत तिकडेच खुडबुडत बसायची.

ती मुळातली अशी नव्हती. उलट लहानपणापासून सगळ्या घरादाराला शहाणपण शिकवणारी तीच होती.

तिचं गाव फॉर्डन, आयसेल नदीच्या पूर्वेला, जर्मन सरहद्दीच्या अंगाला. वडील डेर्क रूल्फिंक यांच्या गोठ्यात दहाबारा गाई होत्या. आई सरहद्दीपलीकडची. त्या काळी त्या सरहद्दीचं कुणाला काही वाटायचं नाही. पलीकडच्या पोरी इकडे लग्न करून यायच्या, इकडचे बैल तिकडच्या बाजारात जायचे. आई रागावली की जर्मनमध्ये शिव्या द्यायची आणि लाडात आली की जर्मनमध्येच गाणी म्हणायची, त्यामुळे ती भाषा गेसिनाच्या जिभेवर दुधाबरोबरच आली. ती चौदा वर्षांची असताना आई गेली. धाकटी हर्मीन तेव्हा पाच वर्षांची. हर्मीनच्या वेण्या घालायच्या, तिचे लाकडी बूट चुलीपाशी वाळवायचे, तिला उवा झाल्या की डोकं चोळायचं, हे सगळं गेसिनाने केलं. हर्मीन तिला 'सिना' म्हणायची. मोठी झाल्यावरही कुठला निर्णय घ्यायचा म्हटला की ती आधी सिनाकडे बघायची, मग वडिलांकडे.

पुढे गेसिना हेगला गेली आणि धान्याच्या एका पेढीत जर्मन पत्रव्यवहार सांभाळू लागली. लग्न करायचं राहून गेलं. हर्मीनने मात्र गावातल्याच ग्रादुसशी केलं. तो लोहार, बोलायला कमी आणि जेवायला भारी. त्यांना रीका झाली. ग्रादुस सासऱ्याच्याच घरात राहून शेती बघू लागला.

एकोणीसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्याच्या शेवटी सैन्याची जमवाजमव झाली. ग्रादुसला गणवेश मिळाला आणि देशाच्या मधोमध, ग्रेब्बेच्या टेकडीवर खंदक खणायला त्याची रवानगी झाली. त्याच दिवसांत पेढीत एक उंच, वाकलेला माणूस आला. कॅप्टन बाउमेस्टर. पोटाच्या दुखण्यामुळे तो सदा दुधाचा पेला हातात घेऊन फिरायचा. लष्कराच्या ज्या छोट्याशा शाखेत बाहेरच्या बातम्या गोळा होत, तिथे त्याला चांगलं जर्मन येणारं माणूस हवं होतं. गेसिनाने मुकाट्याने गुप्ततेची शपथ घेतली आणि भाड्याने घेतलेल्या एका घराच्या वरच्या खोलीत तिचं टेबल लागलं.

काम डोकेदुखीचं होतं. पलीकडच्या गावोगावची वर्तमानपत्रं वाचायची, व्यापाऱ्यांनी आणि खलाशांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं, बर्लिनमधल्या आपल्या माणसांकडून येणारे निरोप नीट भाषेत उतरवायचे. त्या सगळ्यावरून कॅप्टन आणि त्याचे दोन सहकारी दर आठवड्याला धोक्याचा अंदाज बांधत आणि वर पाठवत. आपला देश तटस्थ. आधीच्या महायुद्धातही तटस्थ राहिला आणि वाचला. वरच्या लोकांची त्यावर श्रद्धा होती.

"गेल्या खेपेला आपल्या दारावरून गेली साथ," बाउमेस्टर एकदा दुधाचा घोट घेत म्हणाला. "म्हणून आमच्या साहेबांना वाटतं की दारालाच काही गुण आहे."

"तुम्हाला काय वाटतं, कॅप्टन?"

"मला? मला वाटतं ते येणार. पण मला काय वाटतं ते विचारतं कोण!"

कचेरीतल्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. शत्रू आला तर पूर्वेकडून जमिनीवरून येणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आयसेलवर त्याला थोडं थोपवायचं, ग्रेब्बेवर लढायचं, आणि अगदीच झालं तर बांधांचे दरवाजे उघडून शेतांत पाणी सोडायचं. गुडघाभर पाणी: होडीला उथळ, सैन्याला चालायला खोल. त्या पाण्याच्या अलीकडे हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम. आपल्या पूर्वजांनीही असंच पाणी सोडून स्पेनच्या राजाला दमवलं होतं. नकाशावर पूर्वेचा भाग लाल खडूने भरलेला आणि पाण्याच्या अलीकडचा कोरा पांढरा. फॉर्डन त्या लालातही पार कडेला होतं. गेसिनाची नजर दिवसातून कितीदा तरी तिकडे जायची.

नोव्हेंबरात बर्लिनहून पहिला पक्का इशारा आला. या आठवड्यात हल्ला. बाउमेस्टरने दार लोटलं. "हे तुमच्या कानापुरतं, रूल्फिंक बाई. चेहऱ्यावरही दिसता कामा नये."

तिने मान हलवली आणि शनिवारची गाडी पकडून गाव गाठलं.

हर्मीन गोठ्यात होती. "अगंबाई, सिना! अशी अवचित? काय नोकरी सुटली की काय?"

"रीकाला घे आणि कोबा मावशीकडे जा. रॉटरडॅमला. उद्याच."

"का?"

"विचारू नकोस."

"वा गं वा! विचारू नकोस म्हणे. गाय व्यायला आलीय, नवरा तिकडे खड्डे खणतोय, आणि मी मावशीकडे मिरवायला जाऊ?"

डेर्क दारात उभे राहून पाइपात तंबाखू भरत होते. "जा तू," ते धाकटीला म्हणाले. "हिचे डोळे बघ. हिच्या कचेरीत काहीतरी शिजतंय."

"मग तुम्हीही चला, बाबा," गेसिना म्हणाली.

"मी? आणि गाई कोण पिळणार, तुझा मंत्री?"

हर्मीन गेली. कोबा मावशी त्यांच्या आईकडची, पण तरुणपणीच रॉटरडॅमच्या एका गोदी कामगाराशी लग्न करून तिथलीच होऊन गेलेली. आता विधवा होती. भाजीवाल्याच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. हर्मीन तिथे आठवडाभर राहिली, आणखी काही दिवस राहिली, आणि काही म्हणता काही झालं नाही. ती परत आली तेव्हा सगळ्या गावाला विषय मिळाला. दूधवाला विचारी, "काय हर्मीनबाई, जिंकलात का लढाई?" चर्चच्या दारात बायका तोंडाला रुमाल लावून हसत.

जानेवारीत पुन्हा तेच. इशारा आला, सुट्ट्या बंद झाल्या, आणि पुन्हा काही घडलं नाही. या वेळी हर्मीनने साफ सांगितलं, "एकदा हसं करून घेतलं तेवढं पुरे. कानाला खडा."

वरच्या साहेबांनीही तोच खडा लावला होता. एका दुपारी बाउमेस्टर मंत्रालयातून परतला आणि टोपी न काढताच खुर्चीत बसला. "लांडगा आला रे आला म्हणणारी पोरं झालोय आपण," तो म्हणाला. "आपल्या बर्लिनच्या माणसाला मंत्रालयात आता टोपणनाव पडलंय. काय, ते विचारू नका."

खरं म्हणजे इशारे खोटे नव्हते. पलीकडे हल्ल्याची तारीख ठरायची आणि धुक्यापायी, थंडीपायी पुढे ढकलली जायची. हे सगळ्यांना कळलं युद्ध संपल्यावर. तोवर इतकंच दिसत होतं की बोंब होते आणि लांडगा येत नाही.

एप्रिलमध्ये डेन्मार्क एका सकाळीत गेला आणि नॉर्वेत लढाई पेटली. दोन्ही देश आपल्यासारखेच तटस्थ. तिकडून येणारी हकिगत गेसिनाने भाषांतरित केली. विमानातून छत्र्यांनी माणसं उतरली, विमानतळ आधी ताब्यात घेतले, मग शहर. बाउमेस्टरने त्यावर एक परिच्छेद अंदाजात घातला. गेसिनाने तो टंकित केला. पण नकाशावरचा खडू कुणी हलवला नाही. लाल ते लाल, पांढरं ते पांढरं. तिच्याही मनात आलं नाही. वॉर्साच्या बातम्या तिने आधीच्या सप्टेंबरात वाचल्या होत्या, शहरावर पडलेल्या बाँबच्या. त्याही तिच्या डोक्यात वेगळ्याच कप्प्यात पडून होत्या. सगळ्यांना जे दिसत होतं तेच तिला दिसत होतं.

मे उजाडला आणि शेवटचा इशारा आला. रजा रद्द झाल्या. या खेपेला बाउमेस्टरचा आवाज वेगळाच होता. गेसिनाने आजारपणाचं निमित्त काढलं आणि बुधवारी फॉर्डनला गेली.

हर्मीन घेवड्याचे वेल चढवायला काठ्या रोवत होती. बहिणीला पाहताच तिने कपाळावर हात मारला. "आता गं बाई! पुन्हा?"

गेसिनाने तिचा दंड धरला आणि तिला वाफ्याच्या कडेला बसवलं. मग शपथ मोडली. सगळं सांगितलं. बर्लिनचा निरोप, सरहद्दीपलीकडे जमलेल्या तुकड्या, आणि हेही की आयसेलवरचे पूल आपलेच लोक उडवून देणार आहेत. "पूल गेले की तुम्ही पलीकडे अडकाल, हर्मीन. तोफा तुमच्या डोक्यावरून चालतील. रॉटरडॅमपर्यंत ते पोचणारच नाहीत. मध्ये पाणी आहे." बोलता बोलता तिला रडू फुटलं. आईच्या दफनानंतर हर्मीनने तिला रडताना पाहिलं नव्हतं.

हर्मीन बराच वेळ हातातली काठी मातीत टोचत राहिली. मग म्हणाली, "पेंटेकॉस्टच्या सणाला मावशी बोलावतच होती म्हणा. रीकालाही समुद्र बघायचाय. पण सिना, हे शेवटचं हं. पुन्हा पळवलंस ना, तर या वयात तुझ्या वेण्या ओढीन."

डेर्क या वेळीही हलले नाहीत. गुरुवारी सकाळी त्यांनी तिघींना स्टेशनवर सोडलं आणि रीकाच्या खिशात एक उकडलेलं अंडं घातलं. गाडीत रीका गेसिनाला चिकटून बसली होती. "मावशी, समुद्रात गाई असतात का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता झोपून गेली. गौडाला गाड्या बदलताना दोघी बहिणी वेगळ्या झाल्या. हर्मीन रॉटरडॅमच्या गाडीत चढली, हिने हेगची धरली. कित्येक महिन्यांनी त्या रात्री गेसिनाला शांत झोप लागली.

पहाटे ती विमानांच्या घरघरीने जागी झाली.

कचेरीत पोचेपर्यंत तिला रस्त्यातच कळलं होतं. हेगच्या भोवतालच्या कुरणांत छत्र्यांनी माणसं उतरत होती. रॉटरडॅममध्ये तर नदीच्या पाण्यावरच विमानं उतरवून त्यांनी पूल धरले होते. बाउमेस्टर नकाशासमोर उभा होता. त्याने त्या कोऱ्या भागावर तळहात ठेवला.

"आपण वाचलं होतं हे," तो म्हणाला. "नॉर्वेचं. तुम्हीच आणून दिलंत मला, आणि मी परिच्छेद लिहिला. चांगला परिच्छेद होता."

गेसिना फोनकडे धावली, पण लाइन लागेना. 

रविवारी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, तिला कसाबसा भाजीवाल्याच्या दुकानाचा फोन लागला. हर्मीन धावत खाली आली असावी, ती धापा टाकत होती.

"सिना? काय गं तुझी सुरक्षित जागा! इथे पुलापाशी ठोठो चाललंय सारखं. मावशीच्या कपाटातल्या बश्या आपल्या आपण नाचतायत." ती हसत होती. घाबरली की ती अशीच हसायची.

"रीका कशी आहे?"

"तळघरात भाजीवाल्याच्या मांजरीला पिल्लं झालीयत, ती तिथनं हलतच नाही. ए सिना, मी तुझ्याकडे निघून येऊ का? शेजारचे लोक उद्या निघणार आहेत चालत."

गेसिनाने डोळ्यासमोर रस्ता आणला. मधल्या गावांत शत्रूचे शिपाई उतरले होते, झाडाआडून गोळ्या सुटत होत्या. लेकराला घेऊन त्या रस्त्याने? "नको," ती म्हणाली. "जागची हलू नकोस. तळघरातच थांबा."

"बरं बाई. तू म्हणशील तसं."

मंगळवारी दुपारी कचेरीच्या मागच्या अंगणात कागद जाळायचं काम चाललं होतं. कुणीतरी दक्षिणेकडे बोट केलं. तिकडचं अर्धं आभाळ काळं झालं होतं. धूर वर जाऊन वाऱ्याने आडवा पसरत होता. बाउमेस्टरने एकच शब्द उच्चारला, "रॉटरडॅम." संध्याकाळी देशाने शस्त्रं खाली ठेवली.

रस्ता मोकळा होताच गेसिना सायकल घेऊन निघाली. शहराच्या मध्यावर शहरच नव्हतं. रस्ते कुठे होते ते ओळखू येत नव्हतं; लोक चर्चच्या मनोऱ्यावरून अदमास बांधत चालत होते. विटा अजून इतक्या तापलेल्या होत्या की बुटांतून चटका लागायचा. भाजीवाल्याच्या दुकानाच्या जागी काळा ढीग होता आणि त्यातून वाफ निघत होती.

कोबा मावशी तिला क्रालिंगनच्या बाजूच्या एका शाळेत सापडली. जमिनीवर पेंढा अंथरून पुष्कळ माणसं बसली होती. मावशीच्या पायात दोन वेगळ्या जोडांचे बूट होते.

"मी दुधाला गेले होते गं," मावशी म्हणाली. "रीकाला दूध हवं होतं. रांगेत उभी होते आणि आभाळच कोसळलं. लोकांनी मला ओढत रानात नेलं. मी म्हणत होते, सोडा, माझी पोर आहे घरात. कुणी सोडलं नाही."

"ती बाहेर पडली असेल, मावशी. शेजाऱ्यांबरोबर."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. त्या म्हातारीच्या मनात डंख म्हणून नव्हता. तिने जसं होतं तसं सांगितलं. "शेजारी सोमवारीच गेले. हिलाही बोलावत होते. ती म्हणाली, नको, सिनाने सांगितलंय जागचं हलू नको म्हणून."

पुढचे कितीतरी दिवस गेसिना इस्पितळांतून, शाळांतून, चर्चांतून फिरली. दोघींचं काहीच मिळालं नाही. क्रोसवाइकच्या दफनभूमीत लांबच लांब चर खणले होते आणि त्यांत कुणाला ठेवलं याची बऱ्याच ठिकाणी नोंद करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथल्या माणसाने टोपी काढली आणि म्हणाला, "इथेच आहेत असं समजा, बाई. बहुतेक जण तसंच समजतात."

मग बापाला सांगायला ती फॉर्डनला गेली. आयसेलवरचा पूल खरंच पडलेला होता. होडीतून नदी ओलांडली, पुढे चालत गेली. वाटेवर सफरचंदाच्या झाडांना बहर होता. गावात शिरली तर दूधवाला आपल्या गाडीवर बसून चालला होता. चर्चची एक काचसुद्धा फुटली नव्हती. तिने कल्पनेत पाहिलेले सगळे ढिगारे, सगळ्या तोफा, सगळे खड्डे तिच्या मनातच राहिले.

डेर्क गाई पिळत होते. त्यांनी मान वर केली आणि एकटीला पाहून हात थांबवला.

"इथे काय झालं, बाबा?" तिने आधी तेच विचारलं. तिला ते आधी कळायला हवं होतं.

"इथे? काही नाही. सकाळी त्यांच्या गाड्या गेल्या रस्त्याने. दुपारपर्यंत जात होत्या. एका पोराने पाणी मागितलं, मी दिलं. तुझ्या आईच्याच बोलीत बोलत होता." त्यांनी तिच्यामागच्या दाराकडे पाहिलं. "हर्मीन कुठाय?"

तिने सांगितलं. त्यांनी ऐकलं, बादली बाजूला सरकवली, आणि गाईच्या कुशीला कपाळ टेकवून तसेच बसून राहिले. गाय हलली नाही.

ग्रादुस जूनमध्ये कैदेतून सुटून आला. ग्रेब्बेवर त्याच्या तुकडीतले निम्मे मेले होते, त्याला खरचटलंही नव्हतं. बातमी त्याला वाटेतच कुणीतरी सांगितली असावी. तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, पाठीवरची पिशवीही उतरवली नाही.

"कुणी नेलं त्यांना तिकडे?"

"मी," गेसिना म्हणाली.

तिला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. त्याच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मग तो वळला, मागे गेला, आणि लाकडं फोडू लागला. अंधार पडेपर्यंत कुऱ्हाडीचा आवाज येत होता. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

गेसिना हेगला परतली. नव्या मालकांना जर्मन जाणणारी माणसं हवी होती. तिने सांगितलं की मी ती भाषा विसरले, आणि शिवणकाम करून पोट भरलं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात साऱ्या उपाशी शहरासारखी तीही ट्यूलिपचे कांदे उकडून जगली. डेर्क त्याआधीच गेले होते. दफनाच्या वेळी ग्रादुस खड्ड्याच्या एका बाजूला उभा होता, ती दुसऱ्या.

युद्ध संपल्यावर चौकशा झाल्या. इशारे कधी आले, कुणी काय केलं, दोष कुणाचा. जुन्या कचेरीतल्या माणसांना एकेक करून बोलावलं. बाउमेस्टर तोवर जर्मनांच्या छळछावणीत मेला होता. गेसिनासमोर तीन सभ्य गृहस्थ बसले होते.

"इशारे येत होते, हे खरं का?"

"खरं."

"आणि कुणीच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही?"

"मी ठेवला."

मधल्या गृहस्थांनी चष्मा वर केला. "तुम्ही ठेवलात. म्हणजे आपण काय केलंत, बाई?"

"बहिणीला आणि तिच्या मुलीला हलवलं. सुरक्षित जागी."

"कुठे?"

"रॉटरडॅमला."

 लिहून घेणाऱ्या मुलीचा हात थबकला होता. थोड्या वेळाने त्यांनी तिचे आभार मानले आणि प्रवासखर्च कुठे मिळेल ते सांगितलं.

दरवर्षी मेच्या चौदाला, रॉटरडॅम जळालं त्या दिवशी, ती क्रोसवाइकला जायची. गर्दी ओसरल्यावर, दुपार कलताना. ग्रादुस सकाळी येऊन जातो, हे तिला फुलांवरून कळायचं. त्याने दुसरं लग्न केलं होतं, शेजारच्या गावातल्या डेला नावाच्या विधवेशी, हे तिने ऐकलं होतं. एक्कावन्न साली मात्र ती पोचली तेव्हा तो बाकावर बसलेला होता. केस पार पांढरे. तो तिचीच वाट बघत होता.

"बस," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिला शब्द.

ती बसली.

"त्या वर्षी ईस्टरला मी रजेवर घरी आलो होतो," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हर्मीन तुझी नक्कल करून हसवत होती. मी तिला सांगितलं, हसू नकोस. सिनाच्या कचेरीत माहिती असते. या वेळी तिने बोलावलं ना, तर तोंडातून शब्द न काढता जा. वचन दे म्हटलं. तिने दिलं." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या सांगण्यामुळे नाही गेली ती. मला वचन दिलं होतं म्हणून गेली."



"हे तुला तेव्हाच ठाऊक होतं? स्वयंपाकघरात उभा होतास तेव्हा?"

"हो."

"आणि मला विचारलंस, कुणी नेलं!"

"वाटलं, निदान कुणीतरी असावं. माझ्याखेरीज."

आणि मग त्या नाकासमोर चालणाऱ्या, कुणाशी वर आवाजात न बोललेल्या बाईने दफनभूमीत टाहो फोडला. "अकरा वर्षं, ग्रादुस! अकरा वर्षं मी एकटीने वाहिलं! माझ्या बापाच्या मातीला तू उभा होतास समोर, तिथेही तुला वाटलं नाही! अर्धं तरी घ्यायचं होतंस!" लोक वळून बघू लागले. एक माळी हातातलं खुरपं घेऊन पुढे आला आणि पुन्हा मागे सरला. ग्रादुसने डोकं खाली घातलं होतं. ती दमेपर्यंत तो जागचा हलला नाही.

मग दोघं फाटकासमोरच्या कॅफेत गेली. त्याने तिच्या कॉफीत साखर घालून ढवळून दिली. तिने त्याला फोनवरचं बोलणं सांगितलं, 'जागची हलू नकोस' हेही. ते त्याला माहीत नव्हतं. त्याने चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "मीही तेच सांगितलं असतं." तिला त्याने बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. पुढे कधीतरी तिने डेलाला सांगितलं की त्या दिवशी तिला फक्त खूप झोप आली होती.

त्या ऑगस्टपासून ती दर उन्हाळ्यात फॉर्डनला जाऊ लागली. डेला मोठ्या तोंडाची बाई. पहिल्याच दिवशी तिने घेवड्याच्या शेंगांची टोपली गेसिनाच्या मांडीवर ठेवली. "बसून काय राहता? दोरे काढा," म्हणाली. हर्मीनचं नाव त्या घरात निघायचं, रीकाचं फारसं निघायचं नाही. ग्रादुस बाहेर गोठ्यात असायचा. संध्याकाळी तिघं ओट्यावर बसून ताकातली खीर खायची, आणि कुणी बोललं नाही तरी चालायचं.

गेसिना सदुसष्ट साली थंडीत गेली, हेगच्या इस्पितळात, न्यूमोनियाने. ग्रादुसने तिला फॉर्डनला आणलं आणि आईवडिलांपाशी ठेवलं. नवीन धर्मगुरू तरुण होता, त्याला बाईंची काहीच माहिती नव्हती. चार शब्द बोलायचे म्हणून त्याने विचारलं, "काय करायच्या त्या?"

"सरकारी कचेरीत होत्या काही दिवस," डेला म्हणाली.

ग्रादुसने मान हलवली. "धाकट्या बहिणीला वाढवलं त्यांनी," तो म्हणाला. "तेवढं सांगा."

धर्मगुरूने तेवढंच सांगितलं. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. आलेली माणसं लवकर लवकर घरी गेली.